वार्षिक फीचं क्रेडिट कार्ड: बंद करू, बदलून घेऊ की फी भरू?

वाचकाचं पत्र

मी पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करते. पगार खात्याच्या बँकेनं 2019 मध्ये क्रेडिट कार्ड दिलं. वार्षिक फी 2,500 रुपये अधिक जीएसटी, पण वर्षात 4 लाख खर्च झाला तर माफ. पूर्वी ऑफिसच्या कामाची तिकिटं आणि हॉटेलं याच कार्डावर व्हायची, त्यामुळे फी कधी लागलीच नाही. आता फिरती बंद झाली. कार्डावर महिन्याला साधारण 15,000 खर्च होतो. गेल्या वर्षी फी लागली ती लक्षात येईपर्यंत बिल भरूनही झालं होतं.

दर 150 रुपयांना 4 पॉइंट मिळतात. सध्या 21,000 साठलेत. विमानाच्या तिकिटाला वापरले तर एका पॉइंटचे 50 पैसे, बिलात वळते केले तर 20 पैसे. लिमिट साडेतीन लाख. फ्रिजचे 3,600 रुपयांचे पाच हप्ते बाकी आहेत. मिस्टरांकडे याच कार्डाचं ॲड-ऑन, म्हणजे याच खात्यावरचं जोडकार्ड आहे. दुसऱ्या बँकेचं एक लाइफटाइम फ्री कार्ड 2022 पासून आहे. लिमिट 80,000, पेट्रोल सोडून सगळ्यावर 1 टक्का कॅशबॅक. पेट्रोल आणि किराणा मिळून महिन्याला 6,000 त्यावर जातात. मुलगा बंगळुरूला असतो, वर्षातून दोनदा विमानानं जाणं होतं, तेव्हा लाउंज वापरते.

कार्डाचं वर्ष 13 नोव्हेंबरला संपतं. मार्चच्या आसपास फ्लॅटसाठी कर्ज काढायचं आहे. बहीण म्हणते, बंद करून टाक. ऑफिसमधले एक जण म्हणतात, जुनं कार्ड बंद केलं की सिबिल (क्रेडिट स्कोअर) पडतो. बँकेत विचारलं तर ‘डाउनग्रेड करून देतो’ म्हणाले. काय करावं?

उत्तर

कर्जाचे पैसे बिल्डरच्या खात्यात जाईपर्यंत हे कार्ड बंद करू नका. पण फी भरून चालूही ठेवू नका. आधी फी माफीसाठी एक फोन करा. तिथं जमलं नाही तर याच बँकेच्या बिनफीच्या कार्डात ते बदलून घ्या. मात्र त्याआधी पॉइंट आणि हप्ते मार्गी लावायला हवेत. हा क्रम चुकला तर फी वाचते आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे दुसरीकडून जातात.

फोन करण्याआधी एक आकडा काढून ठेवा: हे कार्ड तुमच्यापुरतं वर्षाला किती रुपयांचं आहे? हा आकडा हाताशी नसला की समोरचा माणूस जे देईल ते चांगलंच वाटतं.

तुमच्यासाठी तो असा निघतो. महिन्याला 15,000 म्हणजे वर्षाला 1,80,000. दर 150 ला 4 या हिशेबानं 4,800 पॉइंट. तिकिटाला वापरले तर 2,400 रुपये, बिलात वळवले तर फक्त 960. इथं बहुतेक जण हे 2,400 सरळ फीशी ताडून बघतात आणि फसतात. कारण हाच खर्च तुम्ही फुकटच्या कार्डावर केला असता तर 1 टक्क्यानं 1,800 रुपये मिळालेच असते. म्हणजे फीच्या कार्डानं जास्तीचे दिले ते 600. तेही तिकिटं खरंच काढलीत तर. बिलात वळवणार असाल तर उलट 840 रुपयांचा तोटा.

आता लाउंज. जाऊन-येऊन दोन खेपा म्हणजे चार वेळा. लाउंजच्या दारावर प्रवेशाचा जो दर लिहिलेला असतो तो धरायचा नाही. कार्ड नसतं तर तुम्ही तो दर भरून आत गेला असता का? नाही. एक कॉफी आणि सँडविच घेऊन गेटपाशी बसला असता. विमानतळाच्या भावानं त्याचे 350 धरू, म्हणजे चार वेळचे 1,400. पण आधी एक अट तपासा. अलीकडे बऱ्याच कार्डांवर लाउंजसाठी मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असावा लागतो. तुमचा तिमाही खर्च 45,000 आहे. अट त्याच्या वर असेल तर हे 1,400 शून्य झाले.

सगळं जमेस धरून 600 अधिक 1,400, म्हणजे 2,000 रुपये. फी 2,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 450, एकूण 2,950. नोकरदार माणसाला हा जीएसटी कुठून परत मिळत नाही, म्हणून फी म्हणताना नेहमी जीएसटीसकटच बोला. तुमचा आकडा ठरला: 2,000. कार्ड त्याच्या आत पडत असेल तर एक वर्ष ठेवायला हरकत नाही, वर जात असेल तर नाही.

तुमच्या कार्डात एक गंमत आहे, ती अशा बऱ्याच कार्डांत सापडते. पॉइंटांचा जास्तीचा फायदा, तिकिटाच्या भावानंसुद्धा, खर्चाच्या एक तृतीयांश टक्का आहे. 4 लाखांवर तो 1,333 रुपये होतो. 4 लाखांच्या पुढं फी माफच आहे. म्हणजे ज्या टप्प्यात फी लागते त्या अख्ख्या टप्प्यात नुसत्या पॉइंटांवर ती कधीच वसूल होत नाही. हे कार्ड 4 लाख खर्च करणाऱ्यासाठी आखलंय. नोकरीत फिरती होती तेव्हा ते तुमच्या मापाचं होतं.

मग 4 लाख गाठायचेच असं ठरवलं तर? दोन्ही कार्डांचा खर्च एकत्र केला तरी महिन्याला 21,000, वर्षाला 2,52,000. त्यातलं पेट्रोल बहुतेक धरलं जाणार नाही. फी माफीच्या खर्चातून इंधन, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, घरभाडं, हप्त्यावर केलेली खरेदी आणि एटीएममधून काढलेली रोख अनेक बँका वगळतात, काही सरकारी भरणेही वगळतात. यादी प्रत्येक कार्डाची वेगळी असते आणि ती अटींच्या पीडीएफमध्ये असते, जाहिरातीत नाही. म्हणजे दीड लाखाच्या वर तूट आहे. विम्याचे हप्ते, सोसायटीचा मेन्टेनन्स, असे एरवी बँक खात्यातून जाणारे खर्च कार्डावर वळवून ती भरत असेल आणि त्यासाठी वेगळा आकार लागत नसेल तर ठीक. पण 2,950 वाचवायला नव्या टीव्हीचा विचार सुरू झाला की थांबा.

(एखाद्या वर्षी तुम्ही माफीच्या अगदी जवळ असाल, तर दोन गोष्टी. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर नाही आणि आर्थिक वर्षही नाही, कार्डाचं स्वतःचं वर्ष. तुमचं 14 नोव्हेंबरला सुरू होतं. शिवाय व्यवहार केल्याची तारीख आणि तो खात्यावर पक्का चढल्याची तारीख यांत दोन-तीन दिवसांचं अंतर पडतं. 12 तारखेची खरेदी 15 ला चढली तर ती पुढच्या वर्षात गेली असं होऊ शकतं. उरलेला खर्च आठवडाभर आधीच उरका. आणि परत केलेल्या वस्तूंची रक्कम त्या खर्चातून वजा होते हे धरून चाला.)

आता फोन. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करा. वर्ष संपायला पाच-सहा आठवडे असताना बँकेला काही देता येतं आणि तुम्हाला नाही म्हणायलाही वेळ असतो. फी बिलात आल्यावर फोन केला तरी ती काढून टाकल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, पण तो बँकेच्या मर्जीचा भाग झाला. फी लागल्यावर कार्ड बंद केलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील असंही गृहीत धरू नका.

नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. ‘फी माफ करून देतो’, ‘कार्ड बंद करून देतो’ असं सांगत येणारे फोन हा ओटीपी काढून घ्यायचा नेहमीचा सापळा आहे. ज्यानं तुम्हाला फोन केला त्याच्याशी या विषयावर बोलायचंच नाही.

फोनवर ‘फी माफ होईल का हो?’ असं विचारू नका, त्याला ‘नाही मॅडम, 4 लाखांची अट आहे’ हे उत्तर तयार असतं. सरळ म्हणा: ‘खर्च कमी झालाय, फी परवडत नाही. नूतनीकरणाआधी कार्ड बंद करायचा विचार आहे. काही देता येत असेल तर सांगा.’ एवढ्यावर बऱ्याचदा फोन दुसऱ्या माणसाकडे जातो, ज्याला थोडेफार अधिकार असतात. तिथून तीन प्रकारची उत्तरं येतात.

पूर्ण माफी मिळाली तर घ्या, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. अर्धी माफी मिळाली तर तुमचा खर्च 1,250 अधिक 225, म्हणजे 1,475 होतो. लाउंजची अट पूर्ण होत असेल तर 2,000 च्या आत आहे, चालेल. होत नसेल तर तुमचा आकडा 600 वर येतो, मग नको. तिसरं उत्तर म्हणजे ‘60 दिवसांत 75,000 खर्च करा, फी उलटवू’. दोन्ही कार्डांचा मिळून तुमचा दोन महिन्यांचा खर्च 42,000 आहे. त्या दोन महिन्यांत दिवाळी किंवा आरोग्य विम्याचा हप्ता येत असेल तरच हो म्हणा. पॉइंटांच्या रूपात भरपाई देऊ केली तर ती 20 पैशांच्या भावानं मोजा, 50 च्या नाही, कारण तितकी तिकिटं तुम्ही काढणार नाही.

जे ठरेल ते एसएमएस किंवा ईमेलवर मागा आणि तक्रार-विनंती क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या बिलात फीची रक्कम उलटवलेली दिसली की तिच्यावरचा जीएसटीही उलटला का हे बघा. 450 रुपये तसेच राहून जातात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. आणखी एक खाच: तुम्ही आधी कार्ड बंद करायची विनंती नोंदवली असेल आणि फोनवर एखादी ऑफर स्वीकारली, तर बंद करण्याची विनंती तिथंच रद्द होते. नंतर ‘मी तर सांगितलं होतं’ चालत नाही.

माफी नाही मिळाली, तर बदलायच्या तयारीला लागा. पहिलं काम पॉइंट. तुमच्या 21,000 ची किंमत तिकिटाच्या भावानं 10,500 आहे, बिलात वळवल्यास 4,200. फीच्या साडेतीनपट रक्कम तिथं पडून आहे आणि कार्ड बंद झालं की पॉइंट सहसा बुडतात. बदलताना ते नव्या कार्डावर गेले तरी भाव उतरू शकतो, कारण 50 पैशांचा दर बहुधा वरच्या कार्डापुरताच असतो. म्हणून जुनं कार्ड हातात असतानाच बंगळुरूच्या पुढच्या दोन्ही खेपांची तिकिटं काढून घ्या. तिकिटाची सगळी रक्कम पॉइंटांतून भरता येते की ठरावीक टक्केच, हे आधी पाहा. काही कार्डांवर अर्ध्यापर्यंतच भरता येते, म्हणजे 21,000 पॉइंट संपवायला तिकिटं तेवढी महाग हवीत. दोघांची एकत्र काढली की बहुतेक जमेल. उरलेल्या पॉइंटांची खरेदी व्हाउचरं घ्या. कॅटलॉगमधले मिक्सर आणि ट्रॉली बॅगा शक्यतो टाळा, तिथली छापील किंमत बाजारभावापेक्षा चढी असते. व्हाउचर ईमेलवर येऊन वापरून होईपर्यंत कार्डाला हात लावू नका.

दुसरं, फ्रिज. कार्ड बंद केलं तर उरलेलं मुद्दल एकदम मागतात, वर मुदतपूर्व फेडीचा आकार. तो अनेक बँकांत 3 टक्क्यांच्या आसपास असतो. मुद्दल 17,000 उरलं असं धरलं तर 510 आणि त्यावर जीएसटी, मिळून 602 रुपये. कार्ड नुसतं बदलून घेताना हप्ते सहसा नव्या कार्डावर तसेच पुढं जातात, पण काही बँका हप्ते चालू असताना बदलच करून देत नाहीत. तसं म्हणाले तर 602 रुपयांचा आकार आणि 2,950 ची फी यांत काय स्वस्त हे सांगायला नको. आणि गृहकर्ज देणारी बँक तुमचे चालू हप्ते मोजतेच. फ्रिजचा हप्ता तोवर संपलेला असलेला बरा.

आता सिबिल. तुमचे सहकारी अर्धे बरोबर आहेत. कार्ड बंद केलं म्हणून जुना इतिहास पुसला जात नाही. वेळेवर फेडलेल्या बिलांची नोंद, खातं बंद झाल्यावरही, क्रेडिट अहवालात पुढं बरीच वर्षं राहते. खरा फटका बसतो तो लिमिटच्या वापराच्या प्रमाणाला. आज तुमची एकूण लिमिट 4,30,000 आणि महिन्याचा वापर 21,000, म्हणजे 5 टक्क्यांच्या आत. मोठं कार्ड गेलं की लिमिट उरते 80,000 आणि तोच 21,000 चा वापर 26 टक्के होतो. दिवाळीच्या महिन्यात 45,000 झाले तर 56 टक्के. खर्च तेवढाच, पण कर्ज देणाऱ्याला ‘लिमिटच्या अर्ध्यावर जगणारा ग्राहक’ दिसतो. हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आत राखावं असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणूनच मार्चआधी बंद करणं तुमच्या बाबतीत चुकीचं. एरवी कर्ज नजरेत नसतं, तर मी बहिणीच्या बाजूनं असते.

दुसऱ्या कार्डाची लिमिट वाढवून घेणं हाही एक मार्ग आहे. 80,000 चे 2 लाख झाले तर दिवाळीचे 45,000 सुद्धा 23 टक्क्यांवर येतात. पण त्यासाठी बँक तुमचा अहवाल नव्यानं तपासणार असेल तर ते कर्जानंतर करा. ॲपमध्ये आधीच मंजूर वाढ दिसत असेल तर आत्ताच घ्या. आणि कर्जाच्या अर्जाआधीचे दोन-तीन महिने एक साधी युक्ती करा: बिल निघायच्या तारखेआधीच बहुतेक रक्कम भरून टाका. अहवालात सहसा बिलाच्या सुमाराची बाकी जाते, देय तारखेची नाही. जानेवारी 2025 पासून बँकांना ही माहिती निदान पंधरवड्यानं कळवावी लागते, म्हणून परिणामही पूर्वीपेक्षा लवकर दिसतो.

बँक ‘डाउनग्रेड’ म्हणते त्याचा अर्थ मात्र दर बँकेत वेगळा. कुठं त्याच खात्यावर दुसरं प्लास्टिक येतं, कुठं चक्क नवा अर्ज भरून घेतात आणि जुनं कार्ड बंद करतात. दुसऱ्या प्रकारात तुमच्या अहवालात नवी चौकशी (नव्या कर्जाचा अर्ज केल्याची नोंद) चढते, 2019 चं खातं बंद दिसतं आणि नवं खातं आजच्या तारखेचं. कर्जाच्या तोंडावर ते नको. म्हणून पहिला प्रश्न हाच: ‘माझ्या आत्ताच्याच खात्यावर बदल होणार की नवा अर्ज धरणार?’ नवा अर्ज असेल तर थेट नाही म्हणा. मग या एका वर्षाची फी भरणं हा सिबिल शाबूत ठेवण्याचा खर्च समजून गिळावा लागेल. लाखो रुपयांच्या कर्जापुढं 2,950 ही वाईट किंमत नाही.

त्याच खात्यावर होत असेल तर पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर घ्या. नवं कार्ड कायमचं मोफत की फक्त पहिलं वर्ष मोफत? ‘पहिलं वर्ष फ्री’ घेतलं तर पुढच्या नोव्हेंबरात हाच लेख पुन्हा वाचावा लागेल. लिमिट साडेतीन लाखच राहणार ना? ती कापणार असतील तर वर सांगितलेलं सगळं गणित बिघडतं. कार्डाचा नंबर बदलणार का? ॲड-ऑन आपोआप बदलणार की मिस्टरांसाठी वेगळं सांगावं लागेल? बदल 14 नोव्हेंबरच्या आत पूर्ण होणार ना? नुसती विनंती आत जाऊन उपयोग नाही, त्या दिवशी जुनंच कार्ड चालू असेल तर फी लागेल. बदलून देताना पर्याय असेल तर रुपे कार्ड मागा. ते यूपीआयला जोडता येतं आणि किराणावाल्याचा क्यूआर स्कॅन करून कार्डानं पैसे देता येतात. वरच्या दर्जाच्या कार्डापेक्षा रोजच्या वापरात हे जास्त कामाचं आहे. फक्त एखाद्या माणसाला पैसे पाठवायला ते चालत नाही, दुकानदारालाच चालतं.

नंबर बदलला की आपोआप जाणारे पैसे अडकतात. शेवटची बारा बिलं उघडा, तीन नाही, कारण वर्षातून एकदाच कापले जाणारे पैसेच नेमके विसरले जातात: मोबाइलचं वार्षिक रिचार्ज, ॲंटीव्हायरस, क्लाउडची जागा, विम्याचा हप्ता. मिस्टरांच्या ॲड-ऑनवरचेही पाहा, फास्टॅगचं रिचार्ज बहुधा तिथं सापडेल. विम्याचा हप्ता पहिल्यांदा हलवा. ओटीटी बंद पडलं तर संध्याकाळ जाते, पॉलिसी बंद पडली तर भारी पडतं.

कर्ज झाल्यावर, म्हणजे मंजुरीच्या पत्रानंतर नाही तर पहिली रक्कम बिल्डरकडे गेल्यावर, हे कार्ड नकोच वाटलं तर बंद करण्याची रीत अशी. आधी एक पूर्ण बिलचक्र त्यावर काहीही खरेदी करू नका, म्हणजे उशिरा चढणारे व्यवहार आणि परताव्याच्या रकमा सगळ्या येऊन जातात. मग आलेलं बिल आणि अजून बिलात न आलेली बाकी, दोन्ही पूर्ण भरा. पूर्वी कधी किमान रक्कमच भरली असेल तर व्याजाचे शेपटासारखे चाळीस-पन्नास रुपये पुढच्या बिलात उगवतात, ते विचारून घ्या. खात्यातून आपोआप बिल भरण्याची सूचना बाकी शून्य झाल्यावरच रद्द करा, आधी नाही.

मग विनंती. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेला हेल्पलाइन, ईमेल, आयव्हीआर (आकडे दाबून चालणारी फोनसेवा), वेबसाइटवरची ठळक लिंक, नेट बँकिंग आणि ॲप असे मार्ग द्यावे लागतात. पोस्टानंच अर्ज पाठवा असा आग्रह धरता येत नाही. ईमेल सर्वात बरं, पुरावा राहतो. त्यात एवढंच लिहा: ‘शेवटचे चार अंक अमुक असलेलं माझं क्रेडिट कार्ड आणि त्यावरचं ॲड-ऑन कायमचं बंद करावं. कोणतीही बाकी नाही. विनंती क्रमांक आणि बंद केल्याची लेखी खात्री पाठवावी.’ पूर्ण नंबर, सीव्हीव्ही किंवा ओटीपी लिहायचा नाही. फोनवर केलंत तर ‘ब्लॉक’ हा शब्द ऐकू आला की लगेच टोका. ब्लॉक केलेलं कार्ड वापरता येत नाही, पण खातं जिवंत असतं आणि पुढच्या नोव्हेंबरात फी लागते. तुम्हाला हवंय ते ‘क्लोजर’.

बाकी काही नसेल तर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं आणि तसं ईमेलनं किंवा एसएमएसनं कळवायला हवं. त्यापुढं होणाऱ्या उशिराला बँक तुम्हाला दिवसाला 500 रुपये देणं लागते, खातं बंद होईपर्यंत. बारा दिवस उशीर झाला तर 6,000. हा नियम तुम्हाला माहीत आहे एवढं ईमेलमध्ये दिसलं तरी काम हलतं. ‘एक रुपया बाकी आहे’ या सबबीवर ही मुदत सुरूच होत नाही, म्हणून वर शून्यावर एवढा भर दिला. उलट जास्त भरलेले पैसे खात्यात असतील तर ते बँकेनं तुमच्या बचत खात्यात पाठवायचे असतात.

बँकेनं दाद दिली नाही तर तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी) जा. तक्रार करून 30 दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटण्यासारखं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे.

आणि ‘वर्षभर वापरलं नाही की आपोआप बंद होतं’ या भरवशावर राहू नका. वर्षाहून जास्त न वापरलेल्या कार्डाबद्दल बँकेनं तुम्हाला कळवायचं आणि 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर ते बंद करायचं, असा नियम जरूर आहे. पण त्याआधी फीची तारीख येऊन जाते आणि मग ती न भरलेली बाकी होते, वर उशिराचा दंड, वर सिबिलला डाग. फुकट कार्डावर हा डाव चालतो, फीच्या कार्डावर नाही.

बंद झाल्याची खात्री आली की कार्ड चिपवरून आडवं कापून टाका आणि बाकी नसल्याचं पत्र मागून घ्या. दीड महिन्यानं क्रेडिट अहवाल काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात या खात्यापुढं ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य दिसायला हवी. ‘सेटल्ड’ असं दिसलं तर त्याच दिवशी बँकेकडे आणि त्या कंपनीकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार टाका. त्या शब्दाचा अर्थ पूर्ण पैसे न भरता तडजोड केली असा लावला जातो. 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळायची तरतूद आहे.